पारसनीस : नोकरी गेली, आडनाव राहिलं

शाळेच्या हजेरीपटात कुलकर्णी तीन-चार निघतात, देशपांडे एक-दोन निघतात आणि पाटील किती आहेत हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पारसनीस मात्र निघालाच तर एखादा. त्या एकाला आयुष्यभर ठरलेले प्रश्न येत राहतात. तुम्ही पारशी का? लोखंडाचं सोनं करणाऱ्या पारस दगडाशी काही संबंध आहे का? की पारसनाथाशी? तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. पण पहिल्या प्रश्नात उत्तराचा धागा लपलेला आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

आडनावाचे दोन तुकडे पडतात : 'पारसी' आणि 'नवीस'. पारसी म्हणजे इथे फारसी भाषा. इराणच्या नैर्ऋत्येला पार्स नावाचा प्रांत आहे. शिराझ हे गाव त्याच प्रांतातलं. अरबी लिपीत 'प' नाही, म्हणून अरबांच्या तोंडी पार्सचं फार्स झालं आणि पुढे खुद्द इराणातही भाषेचं नाव फारसी असं रुळलं. आपल्याकडे मात्र 'प' टिकून राहिला. कालिदासाच्या 'रघुवंशा'त रघू पश्चिमेकडच्या 'पारसीकां'वर चालून जातो. अकबराच्या काळात संस्कृत पंडितांना फारसी शिकवण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाचं नाव 'पारसीप्रकाश' होतं. त्याच प्रांताच्या नावावरून इराणमधून आलेल्या अग्निपूजक लोकांना आपण पारशी म्हणू लागलो. म्हणजे पारशी आणि पारसनीस एका गावाचे नाहीत, पण दोघांच्या नावात गाव एकच आहे.

दुसरा तुकडा 'नवीस'. फारसीत 'नविश्तन' म्हणजे लिहिणं आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. पारसीनवीस, मग पारसनवीस, मग पारसनीस. बोलताना मधला 'व' झिजून गेला. दरबारात फारसी पत्रं लिहिणारा, आलेली वाचून दाखवणारा आणि त्यांचा मराठीत अर्थ सांगणारा अधिकारी तो पारसनीस.

हा 'नवीस' मराठी आडनावांत जागोजागी बसलेला आहे. चिठ्ठ्या म्हणजे पत्रं लिहिणारा चिटणीस. पोते म्हणजे खजिना, त्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस. जमा लिहिणारा जमेनीस. वाके म्हणजे घडलेल्या गोष्टी टिपून ठेवणारा वाकनीस. पागेचा हिशेब ठेवणारा पागनीस, कोटाचा म्हणजे किल्ल्याचा कोटणीस. 'फडणवीस' या आडनावात तर 'नवीस' अजून जवळजवळ अखंड आहे. गंमत अशी की 'चिटणीस', 'फडणीस', 'कोटणीस' यांत 'ण' आहे आणि 'पोतनीस', 'सबनीस', 'पारसनीस' यांत 'न'. कारण कुठल्या दप्तरात सापडणार नाही, ते तोंडात सापडेल. ट आणि ड म्हणताना जीभ टाळूकडे वळलेली असते, ती तशीच पुढे 'ण'वर जाते. त, ब, स म्हणताना ती वळत नाही, म्हणून 'न' उरतो. फारसी शब्द मराठी जिभेवर आला की त्याला मराठीचे नियम लागू होत, ते असे.

आडनाव जाऊ द्या, तुम्ही डायरीला कधी रोजनिशी म्हणत असाल तर तुम्हीही नवीसच. रोजचं लिहिणं म्हणजे रोजनविशी आणि तिचीच पुढे झाली रोजनिशी.

मराठी मुलखात फारसी कशाला?

१३४७ साली दख्खनमध्ये बहमनी राज्य सुरू झालं, तेव्हापासून इथल्या राज्यकारभाराची वरची भाषा फारसी झाली. वरची असं म्हणायचं कारण, खालच्या थरावर ती कधी उतरलीच नाही. गावचा कुलकर्णी हिशेब मराठीत लिही आणि मोडीत लिही. शेतकऱ्याने किती पेरलं, किती पिकलं आणि सरकारात किती भरलं, ही माहिती जन्माला यायची ती मराठीत. तिच्यावरचा हुकूम निघायचा तो फारसीत. या दोन मजल्यांमध्ये जिना लागायचा.

विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने सोळाव्या शतकात जमाखर्चाची कागदपत्रं फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला सुरुवात केली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेलं, असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. आदिलशाहीची अनेक फर्मानं दुभाषी आहेत : वर फारसी मजकूर आणि खाली मोडीत मराठी. एकाच कागदावर दोन लिप्या. एक उजवीकडून डावीकडे चाललेली, दुसरी डावीकडून उजवीकडे. असा कागद तयार करायला दोन्ही वाटांवर चाललेला माणूस हवा.

शिवाजीमहाराजांनी या व्यवस्थेत मुद्दाम बदल केला. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, महाराजांनी आपली संस्कृतात घडवली. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावं बदलली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात सुमारे १३८० शब्द आहेत.

यातला डबीर लक्षात ठेवण्यासारखा आहे. परराज्यांशी व्यवहार पाहणारा हा मंत्री आणि 'दबीर' या फारसी शब्दाचाही मूळ अर्थ लिहिणारा असाच आहे. पदाचं नाव सुमंत झालं तरी परराज्यांकडून येणारी पत्रं काही संस्कृतात येऊ लागली नाहीत. औरंगजेबाला जिझिया कराच्या विरोधात पाठवलेलं महाराजांचं प्रसिद्ध पत्र फारसीत आहे आणि ते नीळ प्रभू मुनशीच्या लेखणीतून उतरलं असं मानतात. बादशहाला त्याचं वागणं अन्यायाचं आहे हे सांगायचं, तर त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच रीतीने सांगावं लागे. घरात मराठी, मुद्रेत संस्कृत आणि दिल्लीशी फारसी, असा तो कारभार होता.

नेमकं काम काय?

आज आपण पारसनिसाला दुभाषा म्हणून मोकळे होऊ. पण त्याचं काम शब्दाला शब्द ठेवण्यापुरतं नव्हतं.

पहिली अडचण अक्षराची. दरबारातले फारसी कागद बहुधा शिकस्ता वळणात लिहिलेले असत. शिकस्ता म्हणजे मोडलेली. लिहिणारा घाईत नुक्ते सोडून देई, सुटी अक्षरं एकमेकांत अडकवी. आपली मोडी लिपीही हात न उचलता भरभर लिहिण्यासाठीच रुळली आणि तिचं नावही 'मोडणे'वरून आलं असं सांगतात. दोन्ही भाषांच्या कारकुनांनी घाईसाठी आपापलं अक्षर मोडून घेतलं होतं आणि पारसनिसाला दोन्ही मोडतोडी वाचता याव्या लागत. ('शिकस्त' म्हणजे मोड किंवा पराभव. मराठीत आल्यावर प्रयत्नांची शिकस्त होऊ लागली. पराभवाचा शब्द आपण जिद्दीला लावला.)

दुसरी अडचण अदबीची. पत्राच्या सुरुवातीला समोरच्याला कोणत्या पदव्यांनी संबोधायचं, याचे काटेकोर नियम होते. एक पदवी कमी पडली तर अपमान आणि एक जास्त झाली तर आपण त्याचं वरचढपण कबूल केल्यासारखं. ही रीत मराठी पत्रांतही उतरली. जुन्या पत्रांच्या मायन्यात 'मशरुल अनाम' आणि 'दामदौलतहू' असे शब्द 'राजश्री'च्या शेजारी सुखाने नांदतात. 'दामदौलतहू' म्हणजे त्याचं ऐश्वर्य टिको.

तिसरी अडचण आकडे आणि तारखांची. मराठी कागदांवर सुहूर सन लिहिलेला असतो, तोही अरबी संख्याशब्दांत. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. 'मया व अलफ' म्हणजे शंभर आणि हजार, एकूण अकराशे. सूर्य मृग नक्षत्रात गेला की हे वर्ष बदलायचं, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. वर्ष सुरू व्हायचं ते पेरणीच्या हंगामात आणि मोजलं जायचं ते अरबीत. महाराष्ट्राच्या कारभाराचं याहून नेमकं चित्र मिळणं अवघड आहे.

चौथी आणि सगळ्यांत मोठी अडचण परिणामांची. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या वसुलावर मराठ्यांचा चौथा हिस्सा आणि वर एक दशांश सरदेशमुखी, या हक्काला बादशाही मान्यता मिळाली. पुढची कित्येक वर्षं याच कागदांच्या आधारावर घोडी दौडली आणि भांडणं झाली. सनद फारसीत. तिच्यात कोणता परगणा आहे, कोणता वगळला आहे, कोणती अट घातली आहे, हे ज्याला वाचता येत नाही त्याला आपला हक्क दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणार. लढाई जिंकून आल्यावर तहात हरायचं नसेल तर आपल्या बाजूला भरवशाचा वाचणारा लागतो. पारसनिसाची किंमत इथे होती.

पुढे इंग्रज आले तरी हे काम संपलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीही हिंदुस्थानी दरबारांशी फारसीतूनच पत्रव्यवहार करी. १७८६ साली चार्ल्स मॅलेट पुण्यात कंपनीचा वकील म्हणून आला, तेव्हा शनिवारवाडा आणि त्याच्यामधली राजकारणाची भाषा फारसी होती. एका बाजूला मराठी बोलणारे, दुसऱ्या बाजूला इंग्रजी बोलणारे आणि मधल्या कागदावर तिसऱ्याच देशाची भाषा.

आडनाव दुर्मीळ का राहिलं?

याचं उत्तर सोपं आहे : जागाच कमी होत्या. कुलकर्णी गावोगाव हवा. देशपांडे परगण्यापरगण्यात हवा. चिटणीस आणि फडणीस दरबारात हवेत, शिवाय मोठ्या सरदारांच्या पदरीही हवेत. पारसनिसाची गरज मात्र फक्त त्यांनाच, ज्यांचा दिल्लीशी, हैदराबादशी किंवा कंपनीशी थेट व्यवहार चाले. गावाला पारसनीस लागत नाही. म्हणून आज कुलकर्णी सगळीकडे आहेत आणि पारसनीस मोजके. आडनावांची संख्या पाहून जुन्या कारभाराच्या उतरंडीचा अंदाज बांधता येतो तो असा.

दुसरी गोष्ट, हे आडनाव एका मूळपुरुषाचं नाही. पद जिथे असेल तिथे आडनाव तयार होई. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. शिवाजीमहाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. पेशव्यांचं घराणं भट. पद पिढीजात झालं की मुलगा बापाची लेखणी आणि बापाचं पदनाम दोन्ही उचलत असे आणि मूळ आडनाव मागे पडे. त्यामुळे दोन पारसनीस भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं नाही. एकाच हुद्द्याची दोन निराळी घराणी असू शकतात, जसे सगळे देशमुख एकमेकांचे नातलग नसतात.

मग हुद्दा गेला आणि आडनाव उरलं, हे कधी झालं? १८१८ साली पेशवाई संपली. १८३७ साली कंपनीने कायदा करून फारसीचं सरकारी भाषेचं स्थान काढून घेतलं. हैदराबाद संस्थानात म्हणजे आजच्या मराठवाड्यात ती आणखी टिकली आणि १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. याच शतकात शाळा, विद्यापीठ, जनगणना, कोर्ट आणि नोकरीचे कागद यांमुळे प्रत्येकाला एक पक्कं आडनाव लिहिण्याची गरज पडली. ज्या क्षणी ही नोंद झाली त्या क्षणी घरात जे पदनाम चालू होतं ते कायमचं चिकटलं. पारसनिसाच्या बाबतीत योगायोग असा, की नोकरी नाहीशी होण्याचा आणि नाव पक्कं होण्याचा काळ जवळजवळ एकच.

आडनाव नसलेले पारसनीस

या आडनावाचे सर्वांत प्रसिद्ध गृहस्थ दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६). साताऱ्याचे. १८९४ साली त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईचं चरित्र मराठीत प्रसिद्ध केलं. १९०८ साली 'इतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केलं. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. पण त्यांची मोठी कामगिरी कागद जमवण्याची. मेणवलीचं नाना फडणवीसांचं दप्तर त्यांच्या हाती आलं. कागद, चित्रं आणि जुन्या वस्तूंचा त्यांचा संग्रह आधी साताऱ्याच्या संग्रहालयात होता, तो १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. फडणवीसाचं दप्तर पारसनिसाने सांभाळलं. दोन जुने हुद्दे शंभरेक वर्षांनी असे पुन्हा एका खोलीत आले.

मात्र फारसी वाचून मराठीत आणण्याचं पारसनिसाचं मूळ काम विसाव्या शतकात दुसऱ्याच आडनावांनी केलं. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातून 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या मालेचे खंड संपादित केले. निलंग्यात जन्मलेले आणि हैदराबाद संस्थानात नोकरी केलेले सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबारची साधनं मराठीत आणली. शिवकाळ शत्रूच्या नजरेने कसा दिसत होता, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे कळलं. गो. स. सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या मैत्रीचा पायाही हाच होता. सरदेसायांकडे मराठी कागदांचा डोंगर होता, सरकारांकडे फारसीचा. एकाशिवाय दुसऱ्याचा इतिहास लंगडा.

आणि याच काळात मराठीतून फारसी शब्द हाकलण्याची चळवळही जोरात होती. तिची सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट माधव जूलियन यांची आहे. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी, १९२५ साली फारसी-मराठी कोश तयार करणारे. याच माणसाने १९३८ साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहून परकीय शब्दांविरुद्ध बाजू मांडली. फारसीवर इतकं प्रेम असणाऱ्याला मराठीत ती नको होती. यात ढोंग नाही. दोन भाषा चांगल्या जाणणाऱ्याला त्यांची सरमिसळ टोचू शकते.

या वादात राजवाड्यांचे आकडे नेहमी पुढे केले जातात. त्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन सालांतल्या एकेका पत्रातले शब्द मोजले. फारसी शब्दांचं प्रमाण पहिल्यात शंभरात ८५ च्या वर, दुसऱ्यात ३७ च्या आसपास आणि तिसऱ्यात ६ च्या आसपास भरलं. आकडे बोलके आहेत, पण पत्रं तीनच आहेत. पेशवाईतला एखादा हिशेबाचा किंवा सनदेचा कागद काढून पाहा, त्यात वसूल, जमा, खर्च, हुजूर, दप्तर, तैनात, इनाम हे सगळे ठाण मांडून बसलेले दिसतील. फारसी कमी झाली हे खरं. ती गेली हे खरं नाही. कागद, शाई, दौत, दप्तर, अर्ज, नक्कल, हजेरी : लिहिण्या-वाचण्याचं सामानच त्या वाटेने आलेलं आहे. शुद्धीच्या चाळणीतून पारसनीस हे आडनाव घातलं तर वर काही उरणार नाही. दोन्ही तुकडे फारसी. तरीही हे आडनाव इराणात कुणाचं नसेल, कारण 'पारसी' लिहिणारा म्हणून वेगळा माणूस नेमायची वेळ ज्यांच्या घरात पारसी नाही त्यांच्यावरच येते. शब्द बाहेरचे आहेत आणि गरज मराठी आहे.

ती गरज अजून संपलेली नाही. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांबरोबर निजामकाळातले उर्दू-फारसी कागद वाचणाऱ्यांचाही शोध घ्यावा लागला. लाखो लोकांचे दाखले ज्या कागदांवर अवलंबून, ते वाचू शकणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. मोडी शिकण्यासाठी निदान वर्ग चालतात, सरकारी परीक्षा आहे. शिकस्ता वाचायला शिकणारी मराठी मुलं फारच थोडी. पुण्याच्या पेशवे दप्तरात, भारत इतिहास संशोधक मंडळात, हैदराबादच्या अभिलेखागारात फारसी कागद पडून आहेत. त्यांत आपल्या गावांची नावं आहेत, आपल्या जमिनी आहेत, आपल्या पूर्वजांच्या तक्रारी आहेत.

तुम्ही उर्दू लिपी शिकायचं ठरवलंत तर काही आठवड्यांत अक्षरं जुळवता येऊ लागतात. फोनवर तिचा कीबोर्ड घालायला मिनिटभर पुरतं. त्यापुढचं फारसी व्याकरण मराठी माणसाला वाटतं तेवढं परकं नाही, अर्धे शब्द आधीच ओळखीचे निघतात. शिकस्ता वळण मात्र वेळ घेईल, प्रयत्नांची शिकस्त करायला लावेल. पण दरबार गेले तरी ही जागा अजून रिकामी आहे आणि ती भरायला पारसनीस आडनाव असण्याची अट नाही.